मोकळ्या पाठीची मेंढी

आमच्या गोरेगावच्या बाजाराला येणाऱ्या बायकांना उन्हात बसायची इतकी सवय झाली आहे, की कुणी सावली फुकट दिली तरी त्यांना आधी शंका येते. हे मी रागानंच म्हणते आहे. माझा राग गावाला ठाऊक आहे. मी अंगणवाडीत बाई आहे, आणि लेकरांपेक्षा त्यांचे बापच मला जास्त भितात.

आम्ही काही जणींनी मिळून ‘सोबत महिला मंडळ’ काढलं ते एकाच कामासाठी. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून बायका येतात, त्यांना घटकाभर बसायला एक खोली पाहिजे होती. पाणी प्यायला, लेकराला पाजायला, आणि स्पष्टच सांगते, लघवीला जायला. पुरुषांचं काय, त्यांना अख्खं गाव मोकळं. बायका मात्र पाणी प्यायलं तर जायचं कुठं, म्हणून घरून निघाल्यापासून घोटभर पाणी पीत नाहीत. त्यात कुणी गरोदर असते, कुणी ओली बाळंतीण.

ग्रामपंचायतीनं बाजारतळाच्या कडेचं जुनं खताचं गोदाम दिलं. आमचे सरपंच शिवशंकरराव माणूस चांगला, पण एका हातानं देताना दुसरा हात मागं ठेवणारा. म्हणाले, “करुणाताई, होळीपर्यंत बघू. बायका आल्या तर खोली तुमची. न्हाई आल्या तर हळदीचा व्यापारी मागून राहिला.”

आम्ही कंबर कसली. गोदाम धुऊन काढलं, आतून चुना मारला, चटया टाकल्या, माठ भरले, लेकरांसाठी झोळी बांधली, मागच्या बाजूला संडास बांधून घेतला. दारावर मोठी पाटी लावली. आणि बाजाराच्या दिवशी मी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिले.

एक बाई आली नाही. समोर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत त्या दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि आमच्या करड्या भिंतीकडं, लोखंडी दाराकडं बघत होत्या. शेवटी एक जण धीर करून आली आणि दाराबाहेरूनच म्हणाली, “म्याडम, आधार कार्ड लागतं का?”

मी तिला हाताला धरून आत आणलं असतं, पण ती आधीच पळाली होती.

ही खोली मला कशासाठी पाहिजे होती ते सांगते, म्हणजे माझा जीव का तुटत होता ते कळेल. माझी पोरगी प्रियंका आता नांदेडला चित्रकला शिकून आली आहे. ती दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तेव्हा गोरेगावात राहत नव्हतो. मी पुसेगावहून, माहेरून तिला घेऊन निघाले, इथं उतरले, आणि सासरच्या खेड्याला जाणारी जीप काही भरेना. बाजाराचा दिवस. प्रियंका भुकेनं रडून रडून लाल झाली. जिकडं बघावं तिकडं माणसं आणि पानटपऱ्या. एका हॉटेलाच्या मागं आडोसा होता. तिथं बसू का म्हणून विचारलं, तर मालकानं आधी विचारलं, “कोणाची गं तू?” तो जात विचारतो आहे ते मला कळलं, आणि मी उत्तर न देता बाहेर आले. आता रडायची पाळी माझी होती.

तेवढ्यात मेंढ्यांवाली एक बाई समोर आली. तिनं कोणाची, कुठली, काही विचारलं नाही. खांद्यावरचं घोंगडं काढलं, दोन हातांनी माझ्यासमोर पडद्यासारखं धरलं आणि म्हणाली, “पाज माय लेकराला. मी हाय.” आणि मला लाज वाटू नये म्हणून माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

प्रियंका पोटभर प्यायली, झोपली. तोवर ती बाई हात खाली न करता तशीच उभी. तिच्या पायाशी विकायला आणलेलं एक कोकरू बांधलं होतं. त्याच्या काळ्या पाठीवर कळपाची खूण म्हणून पिवळ्या रंगात बुडवून शेजारी शेजारी ओढलेली दोन बोटं होती. मी सगळा वेळ तेच बघत होते. मग जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, मी उठले आणि धावले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तिचा चेहराही मी नीट पाहिला नव्हता, तिची पाठच माझ्याकडं होती. माझ्याजवळ राहिली ती फक्त पिवळी दोन बोटं.

पुढं आम्ही गोरेगावात राहायला आलो. सुगी झाली की शेतात खतासाठी मेंढ्या बसवायला लांबलांबचे कळप येतात. मी दरवर्षी त्यांना विचारायची, “पिवळ्या दोन बोटांची खूण कोणाची हो?” माणसं एकमेकांकडं बघायची आणि म्हणायची, ठाव न्हाई. अख्ख्या जगाला कसं काय ठाऊक नाही, म्हणून मी चिडायची. शेवटी आमच्या शेजारच्या सत्यभामाबाईंनी उलगडा केला. त्यांचे मालक नामाजी, गावातला सगळ्यात मोठा कळप त्यांचा. सत्यभामाबाई म्हणाल्या, “अवं ताई, खूण अशी कोणी इच्चारतं का? मेंढी चोरीला गेली की इच्चारत्यात. त्यांना वाटत असंल तुमी पोलिसाकडून आल्या.”

मी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून विचारणं बंद केलं. पण खोली मिळाली तेव्हा मनात पहिल्यांदा तीच आली. आता ती आली तर तिला हात अवघडून उभं राहावं लागणार नाही. मला तिला चटईवर बसलेली बघायची होती, आमच्या माठातलं पाणी पिताना बघायची होती. खोलीच गेली तर ती येणार कुठं?

प्रियंकानं भिंत एकदा लांबून बघितली, एकदा जवळून बघितली आणि म्हणाली, “आई, पाटी काढ आधी. पाटी आहे म्हणूनच त्या येत नाहीत. पाटी असते तिथं साहेब असतो.”

पाटी माझ्या हातची होती, अक्षर सुरेख होतं. पण पोरीपुढं माझं चालत नाही.

ती नामाजींच्या मेंढ्यांत जाऊन बसली, वहीत चित्रं काढून आणली, आणि मग भिंतीला भिडली. सगळ्या भिंतीभर मेंढ्यांचा कळप दाराकडं निघालेला. काळ्या, तपकिरी, पांढऱ्या तोंडाच्या, एक लंगडणारी, एक मागं वळून बघणारी. दाराच्या कडेला एका मेंढीचं मागचं अंग बाहेरच्या भिंतीवर आणि पुढचं अंग आतल्या भिंतीवर. आत गेलं की बाकीच्या मेंढ्या निवांत बसलेल्या, कुणी रवंथ करते आहे, कुणाचं तोंड खऱ्या माठाच्या बाजूला पाण्याकडं वळलेलं. ते करडं गोदाम कुठल्या कुठं गेलं. नामाजींच्या मेंढ्यांच्या पाठीवर आडवा निळा पट्टा असतो, तोही तिनं प्रत्येक मेंढीवर काढला. मीच म्हणाले, “वा! हुबेहूब!”

बाजाराचा दिवस आला. मी दारात. आणि खरंच, बायका आल्या की! एकामागून एक आत शिरल्या, पाय पसरून बसल्या, माठ रिकामे केले. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. मग हळूहळू ध्यानात आलं, की ही सत्यभामाबाईंची नणंद, ही जाऊ, ही जावेची बहीण, आणि त्या मागच्या तिघी नामाजींच्या व्याह्यांकडच्या. खुद्द नामाजी पटका बांधून भिंतीपाशी उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “माझा कळप हाय.”

बाभळीखाली गर्दी तशीच. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तरातरा तिकडं गेले. “काहून बसल्या गं इथं उन्हात? ती खोली कोणासाठी केली?”

एक बाई शांतपणे म्हणाली, “नामाजीच्या सोयऱ्यासाठी. दुसऱ्याच्या घरात बिनबोलावता कशाला घुसावं?”

“नामाजीचं घर? कोण म्हणलं?”

“मेंढ्याच सांगून राहिल्या की. दुरूनच निळा पट्टा दिसते.”

मी वळून बघितलं. आपण भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत एका माणसाचं नाव लिहून ठेवलं आहे, हे मला तेव्हा दिसलं. संध्याकाळी सरपंच भेटले, म्हणाले, “ताई, खोली नामाजीला दिली म्हणं?” मी काय बोलले ते लिहीत नाही.

प्रियंका आधी हसून हसून खाली बसली. मी म्हणाले, “पुसून काढ सगळं.” ती म्हणाली, “सगळं कशाला? पट्टे तेवढे पुसते. मग ज्यांची त्यांनी खूण घालू दे.”

पट्टे जायला लागले तसे नामाजी रुसले. दोन्ही हात पाठीमागं बांधून, तोंड फिरवून निघून गेले. सत्यभामाबाई मात्र पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, “त्यांचं सोडा. एक मेंढी ठिवा आमची. बाकीच्या लोकाला द्या.” मग एक ठेवली, चांगली दारापाशीच. नामाजी तिला बघायला अजून अधूनमधून येतात.

पुढच्या बाजाराला प्रियंकानं भिंतीपाशी रंगाचे डबे मांडले आणि बाभळीखाली जाऊन सांगितलं, “आमच्या मेंढ्या मोकळ्या हायत. आपापली खूण घाला.” कुजबुज झाली. बराच वेळ कुणी उठेना. मग एक म्हातारी उठली, लाल रंगात बोट बुडवलं आणि एका मेंढीच्या मानेला गोल कडं काढलं. असं सहज काढलं, जसं रोजचं काम. लगेच दुसरी म्हणाली, “तिची लाल तर माझी हिरवी.” मग काय, झुंबड. कुणाचा कानावर ठिपका, कुणाची शेपटी रंगवलेली, कुणाच्या पाठीवर फुली. एका मेंढीवरून दोघींचं भांडणही झालं, ते मी मिटवलं, म्हणजे दोघींवर ओरडले.

आणि एक गोष्ट आम्ही ठरवली नव्हती, ती आपोआप झाली. रंग ऑइलपेंटचा. पाण्यानं निघत नाही, त्याला रॉकेलचं फडकं लागतं, आणि फडकं आत होतं. खूण घातली की बाई रंगलेली बोटं वर धरून विचारायची, “हात कुठं पुसू?” आम्ही म्हणायचो, “आत.” आत गेली की हात पुसायचे, मग साबण लावायचा, मग पाणी दिसायचं, मग चटई. बाहेर यायचं नाव नको. त्या दिवशी झोळीत एकामागून एक लेकरं झोपून उठली.

ज्यांच्याकडं मेंढ्या नाहीत त्या कशा मागं राहतील? आमच्या बुद्धविहाराजवळची रुक्माबाई म्हणाली, “माझ्या दोन शेळ्या हायत, त्या काहून न्हाई?” प्रियंकानं शेळ्या काढून दिल्या. कुणाला कोंबडी पाहिजे होती, ती दिली. हळद लावणाऱ्या एकीनं हळदीचं पान मागितलं, ते मेंढीच्या तोंडापुढं काढलं, तर मेंढी खाईल म्हणून ती रागावली. मला मात्र मागायला काही नव्हतं. आमच्याकडं ना मेंढी, ना शेळी.

मी प्रियंकाला म्हणाले, “दारापाशी नामाजींच्या मेंढीमागची ती काळी मेंढी आहे ना, तिच्यावर पिवळी दोन बोटं काढू?”

तिला ती गोष्ट ठाऊक होती. लहानपणापासून ऐकत आली आहे. पण तिनं मान हलवली. “नाही आई. दुसऱ्याची खूण आपण घालायची नसते. ती आली तर ती घालेल.”

“आणि न्हाई आली तर?”

“तर राहू दे मोकळी.”

तशी ती मेंढी मोकळीच राहिली. होळी आली आणि गेली. सरपंचांनी खोलीचा विषय काढला नाही, व्यापाऱ्यानं हळदीला दुसरी जागा बघितली. मंडळातल्या सगळ्याजणी खूश होत्या. खूश मीही होते, नाही कशाला म्हणू. पण दर बाजाराला दार उघडताना माझी नजर आधी त्या काळ्या पाठीवर जायची. बायका विचारायच्या, “ताई, ही कोणाची?” मी म्हणायची, “तिची माणसं यायची हायत.” प्रियंकानं पिवळ्या रंगाचा एक लहान डबा झाकण लावून दाराच्या कोपऱ्यात ठेवला होता. तो घट्ट होऊ नये म्हणून ती मधूनमधून ढवळायची. मी बघितलेलं तिला कळायचं.

उन्हं तापायला लागल्यावर लांबचे कळप परतीला लागतात. तशातल्याच एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी भिंतीसमोर उभी दिसली. वाळकी, उंच, एवढ्या उन्हातही खांद्यावर घोंगडं. सोबत सून होती, सुनेच्या कडेवर लेकरू. म्हातारी एकेका मेंढीपाशी थांबत होती आणि सुनेला सांगत होती, ही अमक्याची, ही तमक्याची, हा तर मेला, त्याचा पोरगा मेंढ्या विकून पुण्याला गेला. भिंत वाचत वाचत ती दारापाशी आली आणि माझ्यावरच डाफरली.

“ही मोकळी काहून ठिवली?”

“तिची माणसं यायची हायत,” मी नेहमीचं बोलले.

“मेंढी अशी मोकळी ठिवू न्हाई बाई. कोणाच्या बी कळपात जाती.” तिनं इकडंतिकडं बघितलं. “रंग हाय का?”

मी डबा उघडून पुढं केला. तिनं दोन बोटं बुडवली. काळ्या पाठीवर शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या, आणि मागं सरून बघितलं. “हां. आता बराबर.”

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मी विचारलं, “नाव काय तुमचं?”

“रूपाबाई. डोंगरकड्याकडली. काहून?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जीप, हॉटेलवाला, घोंगडं, कोकरू. रूपाबाईनं नीट ऐकून घेतलं, आठवून बघितलं आणि मान हलवली. “असंल बाई. माझ्या ध्यानात न्हाई.”

“ध्यानात न्हाई?” मला रागच आला. “मी इतकी वर्षं तुमाला शोधून राहिले, आन् तुमच्या ध्यानात न्हाई?”

ती हसायला लागली. “अवं माय, बाजारात लेकरू रडलं की घोंगडं धरावंच लागतं. माझ्या पोरासाठी बी कोणी कोणी धरलं असंल. कोणकोणाचं ध्यानात ठिवायचं?”

माझ्या उभ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्यासाठी ती इतकी साधी, की आठवणीत ठेवायचीही गरज नाही. मला रडू फुटलं. भर बाजारात, दारात, अंगणवाडीची बाई रडते आहे, आणि बाभळीखालून उठून आलेल्या बायका बघताहेत. मी म्हणाले, “तुमच्या ध्यानात नसू दे. माझ्या हाय. आत चला.”

तिला हाताला धरून चटईवर बसवलं. घोंगडं काढून तिनं मांडीवर घेतलं. मी माठातलं पाणी दिलं. तिनं एक तांब्या संपवला, दुसरा मागितला. तिची सून कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून लेकराला पाजायला बसली, आणि तिच्यासमोर कुणालाही काही धरून उभं राहावं लागलं नाही. मी हे डोळे भरून बघितलं. इतकं बरं मला कधी वाटलं असेल, तर प्रियंका पोट भरून झोपली त्या दिवशी.

“आन् ते लेकरू?” रूपाबाईनं विचारलं. “चांगलं हाय ना?”

“ही काय,” मी म्हणाले. प्रियंका दारात उभी होती. “हिनंच काढल्या मेंढ्या.”

रूपाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “व्हय? कान लई लहान काढले गं. ये इकडं.”

प्रियंका जाऊन तिच्यापुढं बसली. रूपाबाईनं तिचा हात ओढला आणि बोटांना राहिलेला पिवळा रंग तिच्या मनगटावर ओढला. शेजारी शेजारी, दोन बोटं.

“हे बी आमच्याच कळपातलं,” ती म्हणाली. “हरवली तर वळखू.”

मी रॉकेलचं फडकं घेऊन आले होते. प्रियंकानं हात पाठीमागं लपवला.

मग मी फडकं खाली ठेवलं, रूपाबाईच्या समोर बसले आणि माझं मनगट पुढं केलं.

“तुला बी?” ती म्हणाली.

“मला बी. त्या दिवशी घोंगड्याआड आमी दोघी होतो.”

रूपाबाईनं बोटं बघितली. रंग सुकला होता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, दारापाशी गेली आणि डब्यात बोटं परत बुडवून आली.